मोकळी रांग

सीना मिलचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला होता, मला मोडी वाचता येत होती आणि माझे वडील त्याच मिलमध्ये विणकर होते. एवढ्यावर दिग्विजयनं मला गाठलं. दिग्विजय हा मिलच्या शेवटच्या मालकांचा नातू, वय चाळिशीच्या आसपास. मिल शहाण्णव साली बंद पडली, जागेचा खटला वीस-बावीस वर्षं चालला आणि आता तिथे आठ इमारती उभ्या राहत होत्या. जुन्यापैकी चिमणी आणि नंबर दोनचं माग खातं तेवढं राखायचं, माग खात्यात मिलचं प्रदर्शन मांडायचं आणि उद्घाटनाला एक देखणं पुस्तक काढायचं, असा त्याचा बेत होता.

"मॅडम, दीडशे पानं, फोटो भरपूर," तो म्हणाला. "अठराशे अठ्ठ्याहत्तरपासून आजपर्यंत. सोलापूरकरांना अभिमान वाटला पाहिजे."

मला तो आधीपासूनच वाटत होता. आमच्या घरात मिलचा भोंगा हेच घड्याळ होतं. माझे वडील गुरुलिंगप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, नंबर दोनच्या माग खात्यात तीस वर्षं राबले. तिथे पाचशे माग एकदम चालत. त्या आवाजात शेजारच्याची हाकही ऐकू यायची नाही, म्हणून विणकर एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलायचे. शब्द मोठे करून, तोंड पुरतं उघडून, आवाज न काढता. अप्पांनी ही बोली घरी आणली. रात्री आई-अप्पा भांडायचे ते असेच, आम्हा पोरांना कळू नये म्हणून. पण मला सातव्या वर्षीच त्यांचे ओठ वाचता यायला लागले, आणि त्यांची सगळी भांडणं मला पाठ झाली.

मिलच्या जुन्या ऑफिसात वरच्या मजल्यावर तीन लोखंडी कपाटं होती. संचालकांच्या सभांची बुकं, पत्रांच्या नकला, नकाशे आणि मोडीतले हजेरीपट. एप्रिलपासून मी रोज सकाळी नऊला तिथे जाऊन बसायचे. पहिले तीन आठवडे फार मजेत गेले. विलायतेहून आलेला बॉयलर स्टेशनापासून मिलपर्यंत ओढायला बैलांच्या बावीस जोड्या लागल्या, तो वाटेत ओढ्यात रुतला, चार दिवस तिथेच राहिला आणि आसपासच्या बायका त्याला हळदकुंकू वाहून गेल्या, असलं काही वाचताना वेळेचं भान राहायचं नाही.

मग मी १८९१ सालाशी आले. मार्चच्या सभेत चार ओळींची नोंद होती. मंगळवार, तारीख सतरा, दुपारी नंबर दोनच्या माग खात्यात आग लागली. चौसष्ट माग निकामी झाले. ईश्वरकृपेने मनुष्यहानी नाही. खात्याचे दक्षिणेकडील दार कायमचे बंद करून तेथे भिंत बांधावी.

आगीनंतर कुणी दारं वाढवील की बुजवील? मी पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि नकाशे उघडले. दार बुजवलेलं होतंच. पण दुसरीच एक गोष्ट दिसली. १८९३ च्या नकाशात दक्षिणेच्या भिंतीलगतची सोळा मागांची रांग कोरी होती. १९२१ च्या नकाशातही. १९५४ मध्ये नवीन माग आले, खातं इतकं गच्च झालं की दोन मागांमधून माणसाला अंग आडवं करून जावं लागे. तरी ती रांग कोरीच. शंभर वर्षं मिलनं सोळा मागांची जागा मोकळी टाकली होती.

दिग्विजयला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी जुन्या कामगारांना विचारत सुटले. त्या रांगेचं नाव काढलं की बोलका माणूसही गप्प व्हायचा. एकानं एवढंच सांगितलं, की खंडेनवमीला मागांची पूजा झाली की एक नारळ तिथल्या भिंतीपाशी फोडायचा. का, तर पहिल्यापासून फोडतात म्हणून. निघताना तो म्हणाला, "बाई, तुमी धुळाप्पाला भेटा. अडतीस वर्सं त्याचा माग त्या रांगेच्या समोर व्हता."

धुळाप्पा पंच्याऐंशीचे. मिलच्या मागच्या चाळीत लेकीकडे राहत. लेक गिरिजाबाई दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. "दादांना काय बी ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "मागानं कान खाल्ले. ओरडून उपेग न्हाय, बगा."

धुळाप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी समोर बसले आणि चाळीस वर्षांत कुणाशी बोलले नव्हते तसं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाले, "मी गुरुलिंगप्पाची सिद्धेश्वरी."

म्हातारा सरळ झाला. त्याचे डोळे एकदम जिवंत झाले. "बा अव्वा, बा," त्याचे ओठ कानडीत म्हणाले, ये बाई, ये, आणि मग बांध फुटल्यासारखा तो बोलत राहिला. अप्पांचा माग कितवा, कोणाची कोणाशी मारामारी झाली, कोण पान थुंकताना धरला गेला. दोन तास आम्ही बोललो आणि खोलीत गिरिजाबाईच्या कात्रीशिवाय आवाज नव्हता. ती अधूनमधून आमच्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसायची.

शेवटी मी विचारलं, "मोकळ्या रांगेचं काय?"

धुळाप्पांचे ओठ मिटले. मग ते म्हणाले, "तिकडं बगून बोलायचं न्हाय. नव्या गड्याला पयल्या दिवशी हेच सांगायचं. मागावर नजर ठेव, शेजाऱ्याकडं बग, पर दक्षिणंकडं तोंड करून ओठ हलवू नगंस."

"का?"

"त्ये उत्तर देत्यात."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी दिग्विजयची परवानगी काढली आणि धुळाप्पांना रिक्षातून माग खात्यात घेऊन गेले. प्रदर्शनात त्यांचा फोटो असावा, त्यांच्या मागाची जागा त्यांनीच दाखवावी, एवढंच माझ्या मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. गिरिजाबाई बाहेर लिंबाखाली थांबली. सकाळचे अकरा वाजले होते.

माग केव्हाच भंगारात गेले होते. फरशीवर फक्त बोल्टांची भोकं राहिली होती, रांगेनं, नजर पोचेल तिथवर. वरचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर उत्तरेकडून उजेड घेतं, ऊन आत येऊ देत नाही. त्यामुळे सगळीकडे सारखाच पांढरट उजेड होता आणि कशाचीच सावली नव्हती. पारव्यांनी सगळी फरशी घाण केली होती. फक्त दक्षिणेच्या भिंतीलगत एक लांबलचक पट्टा स्वच्छ होता. तिथे एक ठिपकासुद्धा नव्हता.

धुळाप्पा काठी टेकत सरळ आपल्या जागेवर गेले. अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या माणसाला जागा शोधावी लागली नाही. भोकांच्या मधोमध पाय रोवून ते उभे राहिले, उजवा हात सवयीनं कमरेच्या उंचीला आला, तिथे दांडा नव्हता म्हणून हवेतच थांबला. मी फोटो काढला. मोबाइल खाली घेतला तर त्यांनी मान वर केली होती आणि ते दक्षिणेकडे बघत होते.

त्यांचे ओठ हलले. "व्हय. मीच."

मी वळून पाहिलं. स्वच्छ फरशी आणि भिंत. दुसरं काही नाही.

"म्हातारा झालो की," धुळाप्पांचे ओठ म्हणाले. मग ते थांबले, एखाद्याचं ऐकून घ्यावं तितके. "न्हाय. मिल बंद हाय... लई वर्सं झाली... कुणी न्हाय आता, मी एकटाच." पुन्हा थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "न्हाय. न्हाय, अजून न्हाय."

मला फक्त एक बाजू वाचता येत होती. दुसरी बाजू कुठे आहे ते त्यांच्या नजरेवरून कळत होतं. नजर एका ठिकाणी नव्हती. ती या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत होती, ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे आपण बघतो तशी.

एकदम ते माझ्याकडे वळले आणि बहिरी माणसं बोलतात तशा फाटक्या, मोठ्या आवाजात म्हणाले, "दार उघडलं का, म्हणून इचारतेत!"

तो आवाज छपराला जाऊन आदळला. "कोण विचारतंय?" मी ओठांनी म्हटलं.

"तूच इचार की. तुला येतंय न्हवं!"

मला ते झालं नाही. दक्षिणेकडे तोंड करायचा धीर झाला नाही. मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि म्हणाले, "नावं विचारा." असं मी का म्हटलं कुणास ठाऊक. वर्षानुवर्षं पोरांची हजेरी घेतली होती, म्हणून असेल.

त्यांनी विचारलं. मग एकेक नाव सावकाश, मध्ये थांबून थांबून, माझ्याकडे पोचवलं. मी वहीत लिहीत गेले. येडू. संगप्पा. शिवू, येडूचा भाऊ. मलकप्पा. इमामसाब. नरसय्या. "दगडाबाई. कांड्या पोचवायला आल्ती म्हनं. मोडनिंबची."

सातव्या नावानंतर ते डोळे बारीक करून बघत राहिले.

"अजून आहेत?" मी विचारलं.

"हायती. दोगं." ते म्हणाले. "पर त्यांची तोंडं दिसंनात. धूर हाय."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती.

दोन दिवस मी घरातून निघाले नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि १८९१ चे हजेरीपट काढले. हे मी आधीच करायला हवं होतं. पण हजेरीपट म्हणजे नुसती नावं, कंटाळवाणं काम, म्हणून मागे टाकलं होतं.

माग खाते नंबर दोन आणि त्याला जोडलेलं, सुताच्या कांड्या भरायचं कांडी खातं. मार्च महिना. डावीकडे नाव, नावाखाली गाव, पुढे रोजच्या हजेरीची रेघ. पानं उलटत गेले आणि नऊ ठिकाणी मला तोच शेरा दिसला. सोमवार, तारीख सोळा, काम सोडले. नऊ माणसांनी एकाच दिवशी काम सोडलं होतं, आगीच्या आदल्या दिवशी. नऊही शेरे एका हातचे, एका शाईचे होते. आणि प्रत्येकाच्या पुढे सतरा तारखेच्या घरात कागद खरवडलेला होता. बोट फिरवलं की खडबडीत लागायचा. एका घरात चाकू जरा जोरानं लागला असावा, तिथे भोक पडलं होतं. त्या घरांमध्ये आधी हजेरीची रेघ होती. मंगळवारी सकाळी ते नऊही जण कामावर आले होते.

मी वही उघडून शेजारी ठेवली. सात नावं जुळली. सातवी होती कांडी खात्यातली दगडाबाई, गाव मोडनिंब. राहिलेली दोन होती भीमण्णा आणि सायबू.

मी काही भाबडी बाई नाही. धुळाप्पांना अक्षरओळख नाही, मोडी तर नाहीच, आणि कपाटांच्या किल्ल्या गेली कित्येक वर्षं वकिलाकडे होत्या. पण नावं तोंडोतोंडी चालत आलेली असू शकतात. मी गिरिजाबाईला विचारलं. यातलं एकही नाव तिनं कधी वडिलांकडून ऐकलं नव्हतं. दहा-बारा जुन्या कामगारांना विचारलं. नारळ सगळ्यांना माहीत होता, नावं कुणालाच नव्हती.

त्या वेळच्या मॅनेजरचं पत्र मला त्यानंतर आठवड्यानं सापडलं, मुंबईच्या एजंटांना लिहिलेल्या पत्राची फिकी नक्कल. कामगार दुपारच्या उकाड्यात दक्षिणेच्या दारातून पाणी प्यायला सटकतात म्हणून कामाच्या वेळात ते दार बाहेरून कुलूप घालून बंद ठेवण्याचा हुकूम आपण दिला होता, असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. आग उत्तरेच्या दारापाशी लागली. कुलपाची किल्ली त्या वेळी त्याच्या बंगल्यावर होती. "नावांची व्यवस्था केली आहे," असं शेवटचं वाक्य होतं.

चौथं प्रकरण मी एका बैठकीत लिहून काढलं. धुळाप्पांविषयी त्यात एक शब्दही घातला नाही. हजेरीपट आणि पत्र, एवढं पुरेसं होतं.

दिग्विजयनं ते साइट ऑफिसात माझ्यासमोरच वाचलं. वाचून झाल्यावर कागद नीट एकावर एक रचत बसला. "मॅडम, माझ्या आजोबांनी मिल घेतली अठ्ठेचाळीस साली. हे आमच्या आधीचं आहे."

"मग लिहायला तुम्हाला हरकत कसली?"

"नव्या इमारतींच्या गॅलरीत चहा पिताना लोकांना रोज हेच छप्पर दिसणार. त्यांना मी सांगू की खाली नऊ माणसं जळाली?"

"हे प्रकरण काढायचं तर माझं नावही काढा."

तो वाईट माणूस नव्हता. कपाळ चोळत म्हणाला, "थोडे दिवस द्या मला. तसंही ती भिंत पाडायची आहेच. एवढ्या मोठ्या हॉलला दुसरं दार पाहिजे, नाहीतर अग्निशामक दलाचं प्रमाणपत्र मिळत नाही. दक्षिणेलाच काढायला सांगितलंय."

तो काय बोलला होता ते त्याचं त्यालाच उशिरा कळलं. त्यानं मान खाली घातली.

भिंत पाडायच्या आदल्या दिवशी गिरिजाबाईचा फोन आला. "बाई, दादा चार रोज झोपेत तोंड हलवायलेत. सारकं तेच तेच. मला वाचता येत न्हाय. एकदा येऊन बगता का?"

मी गेले. धुळाप्पा दुपारचे झोपले होते. डोळे मिटलेले, ओठ मात्र पूर्ण उघडून, पाचशे मागांच्या आवाजात बोलावं तसे हलत होते. "थांबा. उघडायलेत. थांबा. उघडायलेत." दर दोन-तीन श्वासांनी हेच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बरोबर नेलं. दिग्विजयनं नाराजीनं पाहिलं, पण खुर्ची मागवली.

चार मजूर होते. विटा ढिल्या निघत होत्या, चुना मरून गेला होता. पाऊण तासात भगदाड कमरेएवढं झालं आणि पहार लाकडावर आपटली. दार काढून टाकायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. ते तसंच ठेवून दोन्ही बाजूंनी विटा रचल्या होत्या. सागवानी जाड फळ्या, आतल्या अंगानं कोळसा झालेल्या. मजुरानं हातानं काजळी पुसली आणि हात मागे घेतला.

"साहेब, ह्ये काय?"

कुलपाची कडी दारातून जिथे पलीकडे जाते त्याच्या भोवती लाकडात भोकं होती. शेकडो. बोटाच्या पेराएवढी खोल, एकमेकांना लागून, एकाच ठिकाणी. दोन भोकांत काळं लोखंड अजून रुतून बसलं होतं. मी ओळखलं. धोट्याची टोकं. मागावर धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. त्यांच्या हाताशी तेवढंच होतं. त्यांनी धोट्यांनी ठोकून ठोकून कडीभोवतीचं लाकूड पोखरायला घेतलं होतं. फळी तीन बोटं जाड होती. सगळ्यांत खोल भोकापाशी माझं अर्धं बोट आत गेलं.

दिग्विजय भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग मजुरांना म्हणाला, "बाहेरच्या विटा काढा. दार फोडू नका. उघडा."

बाहेरच्या बाजूला कुलूप होतं, गंजून दगड झालेलं. कटरनं कापावं लागलं. बिजागऱ्या हलेनात. दोघांनी बाहेरून ओढलं, आणि दार करकरत, बाहेरच्या मातीत अर्धवर्तुळ ओढत, उघडलं.

दुपारचे दीड वाजले होते. बाहेरून उन्हाची झळ एकदम आत आली. माझा पदर मागे उडाला, धुळाप्पांचं मुंडासं सुटायला आलं, जवळच्या टेबलावर मांडलेले बांधकामाचे नकाशे उडून उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेले. एवढा वारा आत येत होता.

आणि फरशीवरची कापसाची लव बाहेर जायला लागली.

मिलमध्ये लव कधी संपत नाही. भेगांत, भोकांत साठून राहते. ती स्वच्छ पट्ट्यातून वर उठली. गुडघ्याएवढी, कमरेएवढी. वाऱ्यासमोर, वाऱ्याच्या उलट, दाराकडे. घाईनं नाही. दारापाशी दाटली, थोडी थबकली, मग अरुंद वाटेनं एकामागून एक माणसं जावीत तशी थोडी थोडी बाहेर पडली. मी दाराच्या चौकटीला लागून उभी होते. माझ्या डाव्या दंडाला काहीतरी घासून गेलं, गर्दीत कुणाचा खांदा लागावा तसं. मी बाजूला झाले, वाट दिली. मजूर पहारी टाकून मागे सरले होते. त्यातला एक हात जोडून उभा होता.

मी धुळाप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले होते. ओठ हलत होते. "हळू. ढकलू नगा. बाईला आदी जाऊ द्या. हळू."

हे किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. नऊ माणसांना दारातून जायला लागेल तेवढा. मग लव उन्हात विरून गेली, वारा नुसता वारा राहिला आणि धुळाप्पा खाली बसले.

"झालं," ते मोठ्यानं म्हणाले.

"सगळे?" मी विचारलं.

"धुरातली दोगं बी."

त्या रात्री दिग्विजयचा मेसेज आला. 'चौथं प्रकरण आहे तसं ठेवा. नऊ जणांची नावं आणि गावं दाराशेजारी दगडावर कोरून लावू. दार तसंच राहील. बाहेर पडायची नवी वाट त्याच्या बाजूनं करू.' आम्ही काय पाहिलं याविषयी त्यात काही नव्हतं. पुढेही तो कधी बोलला नाही. धुळाप्पांनाही मी दोन-तीनदा छेडून पाहिलं. ते गुडघ्यांविषयी बोलायचे.

पुस्तक डिसेंबरात निघालं. वर्तमानपत्रांनी आगीची बातमी नावांसकट छापली. पंधरा दिवसांनी माझ्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, काळा कोट, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. "मी आबासाहेब. मोडनिंबहून आलो. ही दगडाबाई म्हणून जी हाय, ती माझी पणजी."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं, पण पेला हातातच राहिला.

"आमच्या आज्ज्याची आई," ते म्हणाले. "आज्जा चार वर्सांचा व्हता. मिलचा माणूस गावात आला आन् सांगून गेला की बाईनं सोमवारीच काम सोडलं, कुटं गेली ठावं न्हाय. झालं. पळून गेली म्हणाले समदे. कुणाचा तरी हात धरून गेली. पणज्यानं दुसरं लगीन केलं. आज्ज्याला पोरं पळपुटीचा म्हणायची. आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाय असा नेमच व्हता. सोयरीक जुळायला आली की कुणीतरी ह्ये उकरून काढायचंच. माझ्या बापाचं लगीन दोनदा मोडलं त्यापायी."

"तुम्हाला मग नाव कसं कळलं?"

"आज्जा मरताना बोलला. लई म्हातारा व्हता. आई, दगडाबाई, दार लाव, असं कायबाय. तवाच ऐकलं." त्यांनी कात्रणाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "बाई, खरंच मेली का वो ती तिथं? नक्की?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. कुणी मेलं आहे याची खात्री द्या म्हणून कुणी आशेनं विचारत नाही. मी त्यांना हजेरीपटाचा फोटो दाखवला, खरवडलेलं घर दाखवलं. तो फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. मोडी त्यांना येत नव्हती. मी बोटानं नाव दाखवलं, त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

"कामावर आल्ती की," ते म्हणाले. "मंगळवारी कामावर आल्ती."

दुपारी मी त्यांना दार दाखवायला नेलं. त्यांनी भोकांवरून हात फिरवला. परत जाताना एसटी स्टँडवर म्हणाले, "नातीला लेक झालीय. येत्या रविवारी बारसं. तुमी यायचं."

मी गेले. अंगणात मांडव होता, बायकांची गर्दी. पाळण्याला आरोही असं नाव चिकटवलं होतं, चकचकीत अक्षरांत. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले, पेढे फिरले. तेवढ्यात आबासाहेब काठी बाजूला ठेवून पुढे आले आणि पाळण्यावर वाकले. "अवो, बाप्या माणसाचं काय काम हितं!" म्हणत बायका हसायला लागल्या.

"आजून एक नाव ऱ्हायलंय," ते म्हणाले. "कागदावर नगा लिवू. पाळण्यातलं म्हणून असू द्या."

ते कानात सांगायला वाकले, पण मध्येच थांबले. मग सरळ उभे राहिले आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दगडाबाई!"

हसणं थांबलं. नव्या सुना एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यांना काही कळलं नव्हतं. उंबऱ्यापाशी आबासाहेबांची थोरली बहीण बसली होती, नव्वदीला टेकलेली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि मोठ्यानं, उघड रडायला सुरुवात केली.